घरांतील विजेचें बटण, प्लग आणि तिसरी तार

शेतीविषयक मासिकांत घरांतील विजेच्या बटणावर लेख कशाला, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु शेतकऱ्याचे घरांत आज विजेवर चालणारीं साधनें किती झालीं आहेत, तीं ज्यानें त्यानें एकवार मोजून पाहावीं. दिवे, पंखे, पिठाची घरगुती चक्की, पाण्याची लहान मोटार, मोबाइलचा चार्जर आणि आमच्या झाडीपट्टीच्या उन्हाळ्यांत ज्यावांचून दुपार निभत नाहीं तो कूलर, हीं सर्व साधनें एका लहानशा बटणावर व तीन भोंकांच्या प्लगावर अवलंबून असतात. बियाणें घेतांना आपण पिशवीवरील चिठ्ठी वाचतों, बैल घेतांना त्याचे दांत पाहतों. परंतु आपल्या भिंतींतील तार कोणीं व कशी जोडली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

आम्ही जन्मभर महसूल खात्यांत कारकुनी केली. वीजतंत्र्याचें शिक्षण आम्हांस नाहीं, व तसा आव आणण्याची इच्छाही नाहीं. परंतु विजेच्या धक्क्यानें मेलेल्या माणसांचे व जनावरांचे कागद कचेरींत आमच्या हातांखालून गेले, व त्यांतील मजकूर बहुधा एकसारखा असे : हात ओला, पाय अनवाणी, आणि यंत्र बंद आहे असा समज. हा तिसरा शब्दप्रयोग आम्ही वर्षानुवर्षें नकलून काढला; त्याचा अर्थ मात्र आमच्या स्वतःच्या घरीं कळला.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यांत, शहापूर येथील आमच्या घराचे छपरींत कूलरसाठीं एक नवा प्लग बसविण्याचें ठरलें. परवानाधारक माणूस आणावयाचा तर दोन दिवस थांबावें लागणार होतें. म्हणून एका ओळखीच्या हरहुन्नरी गृहस्थाकडून तें काम आम्हीं अर्ध्या तासांत उरकून घेतलें, व चार पैसे वांचले म्हणून समाधानही मानलें. महिनाभर कूलर उत्तम चालला. नंतर एके दिवशीं भर दुपारीं तो एकाएकीं थांबला. वीज गेली असावी असें समजून आमच्या कुटुंबानें पाण्याची बादली उचलली व दुसऱ्या हाताचा तळवा कूलरच्या पत्र्यावर टेकला. त्यासरशी त्या मागें फेकल्या गेल्या. पायांत रबरी चपला होत्या, व पत्रा मुठींत धरला गेला नव्हता, म्हणून केवळ जीव वांचला. पुढें कित्येक दिवस त्यांना तो हात खांद्यावर नेतां येत नव्हता. माजघरांतील पंखा त्या वेळीं चालूच होता, म्हणजे वीज गेलेली नव्हती, हें कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं.

वीज असतांना कूलर कां थांबला, आणि थांबलेल्या कूलरनें धक्का कसा दिला, या दोन प्रश्नांचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

तीन तारा

आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. खांबावरून मीटरपर्यंत दोन तारा येतात. पहिलीस फेज म्हणतात. सर्व दाब हिच्यांत असतो. दुसरीस न्यूट्रल म्हणतात; हिच्यांतून प्रवाह परत जातो. पाटाचें पाणी बांधींत एका तोंडानें शिरतें व दुसऱ्या तोंडानें निघतें, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही तोंडें मोकळीं असलीं तरच प्रवाह चालतो, दिवा लागतो व पंखा फिरतो.

तिसरी तार म्हणजे जमिनीची तार, अर्थात् अर्थिंग. ही खांबावरून येत नाहीं. ती आपल्याच आवारांत पुरलेल्या नळीस किंवा सळईस जोडलेली असते. नेहमींच्या कामांत हिचा उपयोग नसतो, म्हणूनच तिची हेळसांड होते. तलावास सांडवा असतो, त्यावरून वर्षांतून कदाचित् एकदांच पाणी जातें. परंतु तो बुजविला तर पाळ फुटते. तिसऱ्या तारेचें काम याच जातीचें आहे. यंत्राच्या आंतील तारेचें आवरण झिजून फेज पत्र्यास लागली, तर तो प्रवाह माणसाच्या अंगावाटे न जातां या तारेवाटे जमिनींत जावा, एवढ्यासाठीं ती आहे.

रंगांची खूण सर्वत्र ठरलेली आहे. फेजकरितां लाल, पिवळी अथवा निळी, न्यूट्रलकरितां काळी, आणि जमिनीकरितां हिरवी किंवा हिरवी-पिवळी पट्ट्यांची तार वापरावयाची. पण जुन्या घरांत हाताशीं येईल ती तार वापरलेली सांपडते. म्हणून रंगावर विश्वास न ठेवतां तपासून पाहावें.

बटणाचें काम

बटण म्हणजे तारेच्या वाटेंतील फाटक. तें उघडलें कीं प्रवाह तुटतो, व मिटलें कीं चालू होतो. न्यू कॅसल शहरच्या जॉन हेन्री होम्स या इंग्रज अभियंत्यानें १८८४ सालीं असें बटण काढलें, कीं ज्यांतील स्प्रिंगमुळें संपर्क एकदम तुटतो. संपर्क हळूहळू सुटला तर मधल्या फटींत ठिणगी जळत राहते व बटणाचीं टोंकें भाजतात. आजचें बटण दाबतांना जो ‘टक्’ असा आवाज होतो, तो त्याच युक्तीचा. ज्या बटणाचा आवाज दबला आहे, जें मधेंच अडकतें, ज्यांतून चरचर ऐकूं येते किंवा जें हातास गरम लागतें, तें बदलण्याची वेळ आली असें समजावें.

बटणासंबंधीं मुख्य नियम एकच आहे. बटण नेहमीं फेजच्या तारेंत असावें, न्यूट्रलच्या तारेंत कधींही असूं नये. दोहोंपैकीं कोणतीही तार तोडली तरी दिवा विझतो, त्यामुळें चूक डोळ्यांस दिसत नाहीं, आणि हेंच या चुकीचें भय आहे. बटण न्यूट्रलमध्यें असेल तर दिवा विझल्यावरही होल्डरपर्यंत फेजचा सर्व दाब तसाच उभा राहतो. घरधनी बटण बंद करून, स्टुलावर चढून, दिवा बदलावयास हात घालतो आणि त्याचें बोट जिवंत तारेस लागतें. बटण बंद करूनही एल.ई.डी. दिवा मंद मिणमिणत राहत असेल तर ही चूक असल्याचा संशय घ्यावा. बटणांतच लहान लाल खूणदिवा असला तरीही दिवा असा मिणमिणूं शकतो, म्हणून खात्री टेस्टरनें करून घ्यावी.

प्लगाचें काम

आपल्याकडील प्लगास तीन गोल भोंकें असतात. ही घडण मूळची इंग्रजांची. १९३४ सालच्या तेथील एका प्रमाणावरून ती इकडे आली. पुढें १९४७ सालीं इंग्लंडनें चौकोनी खुंट्यांचा प्लग स्वीकारला, परंतु हिंदुस्थानांत गोल खुंट्याच राहिल्या. आपल्याकडे आतां ६ अँपिअरचा लहान व १६ अँपिअरचा मोठा असे दोन प्लग प्रचारांत आहेत. चार्जर, टेबलपंखा, दूरदर्शन संच यांस लहान पुरतो. पाणी तापविण्याचें यंत्र, इस्तरी, चक्की व पाण्याची मोटार यांस मोठा हवा. मोठ्या खुंट्यांचें यंत्र कसेंबसें जोड लावून लहान प्लगांत बसविणें म्हणजे बैलाचे गाडीवर ट्रॅक्टरचें ओझें लादणें होय.

तीन भोंकांपैकीं वरचें मोठें भोंक जमिनीच्या तारेचें. समोरून पाहतां उजव्या हाताचें भोंक फेजचें व डाव्या हाताचें न्यूट्रलचें असतें. मात्र तारा जोडतांना आपण प्लग उलटा धरून पाठीमागून पाहतों, व तेथें उजवें-डावें बदलतें. पुष्कळ चुका येथेंच होतात. म्हणून पाठीवर कोरलेलीं एल, एन व ई हीं इंग्रजी अक्षरें पाहावीं. एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल व ई म्हणजे जमीन. प्लगाचें बटणही फेजच्याच तारेंत येतें. न्यूट्रल व जमीन या तारा बटणावर न जातां सरळ आपापल्या भोंकांत येतात.

यंत्राच्या खुंट्यांकडे पाहिलें तर जमिनीची खुंटी इतर दोहोंहून लांब व जाड दिसेल. प्लग लावतांना जमीन प्रथम जोडली जावी आणि काढतांना शेवटीं सुटावी, हा त्यांतील हेतु आहे. इतक्या विचारानें केलेली ही खुंटी कापून टाकून किंवा उघड्या तारा दोन भोंकांत काडीनें खोंचून यंत्र चालविणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं वांचविलेल्या पैशांचा हिशेब पुढें कोणास द्यावा लागतो, हें आम्हांस कचेरींतील कागदांवरून ठाऊक आहे.

आतां आमच्या कूलरकडे वळूं. परवानाधारक तारतंत्र्यानें आमचा बोर्ड उघडला तेव्हां असें दिसलें, कीं छपरीपर्यंत हिरवी तार आणलेलीच नव्हती. जमिनीचें भोंक रिकामें दिसूं नये म्हणून तें बित्तीभर तारेच्या तुकड्यानें न्यूट्रलच्या भोंकास जोडलें होतें. जोंवर न्यूट्रल शाबूत होती तोंवर यांत कांहींच बाहेर दिसलें नाहीं. पुढें न्यूट्रलचा ढिला स्क्रू तापून तार सुटली. परतीचें तोंड बंद झाल्यामुळें कूलर थांबला. परंतु फेजचा दाब मोटारीच्या गुंडाळींतून न्यूट्रलच्या खुंटीपर्यंत, तेथून त्या तुकड्यावाटे जमिनीच्या खुंटीवर, आणि तेथून कूलरच्या सर्व पत्र्यावर पसरला. जी तार जीव राखावयाची तिच्याच वाटेनें मृत्यु घराचे छपरींत आला. यंत्र थांबलें याचा अर्थ त्यांत वीज नाहीं असा होत नाहीं, हा धडा आम्ही त्या दिवशीं शिकलों.

आपण काय करावें व काय करूं नये

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियम सर्व देशास लागू आहेत; सध्यांचे नियम २०२३ सालचे आहेत. त्यांतील तत्त्व जुनेंच आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारखी जुनी वस्तु काढून त्याच जागीं तशीच नवी बसविणें, ज्यायोगें जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाहीं, एवढ्यास परवान्याची अट नाहीं. नवी तार ओढणें, नवा प्लग काढणें, बोर्ड वाढविणें हीं कामें परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच, परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातून झालीं पाहिजेत. आमचा कूलरचा प्लग या दुसऱ्या वर्गांतील होता. म्हणजे चूक त्या गृहस्थाची खरी, परंतु तें काम त्यास सांगण्याची पहिली चूक आमची.

मीटरपासून खांबाकडील भागास हात लावण्याचा अधिकार महावितरण कंपनीचा आहे. खांबावरील तार किंवा डी.पी. यांत बिघाड असेल तर १९१२ या क्रमांकावर कळवावें.

बटण बदलण्याची रीत

जुनें बटण स्वतः बदलावयाचें असेल तर तें दिवसा, उजेडांत, कोरड्या हातांनीं व पायांत रबरी चपला घालून करावें. क्रम येणेंप्रमाणें ठेवावा.

१. घरांतील सर्वांस सांगून मेन स्विच बंद करावा, व त्याजपाशीं एक माणूस उभा करावा. आपण बोर्डापाशीं असतांना कोणी सहज म्हणून मेन चालू केल्यानें अपघात झाले आहेत. नुसतें भिंतीवरचें बटण बंद करून भागत नाहीं, कारण बटणाच्या एका टोंकास फेज असतेच.

२. टेस्टर चालतो कीं नाहीं हें मेन बंद करण्यापूर्वीं चालू प्लगावर पाहून घ्यावें. मग मेन बंद करून बोर्डांतील प्रत्येक तारेस लावावा, आणि काम संपवून मेन चालू केल्यावर पुनः चालू प्लगावर पाहावा. मेलेला टेस्टर सर्व तारा मेलेल्याच दाखवितो. लांकडी स्टुलावर उभे असतां टेस्टर पुरता उजळत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

३. जुनें बटण सोडण्यापूर्वीं कोणती तार कोणत्या स्क्रूस होती याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, किंवा कागदावर आकृति काढावी.

४. नवें बटण भारतीय मानकाची खूण असलेलें व जुन्याइतक्याच अँपिअरचें घ्यावें. तारेचें टोंक काळें पडलें असेल तर तेवढें कापून अंदाजें अर्धा बोट आवरण सोलावें. केंसासारख्या बारीक तारा पिळून एकत्र कराव्या व टोंक दुमडून स्क्रूखालीं घालावें. स्क्रूबाहेर तांबें दिसतां कामा नये. आवळल्यावर तार हलकेच ओढून पाहावी. ढिला स्क्रू तापतो, तापून आणखी ढिला होतो, आणि शेवटीं आग लावतो किंवा आमच्या घरीं घडलें तें घडवितो.

५. बोर्ड पुरता मिटून, सर्व स्क्रू बसवून, मगच मेन चालू करावा. उघडा बोर्ड चालू करून पाहण्याची हौस करूं नये.

काम झाल्यावर बटण बंद ठेवून दिव्याच्या होल्डरशीं टेस्टरनें तपासणी करावी. तेथें टेस्टर उजळला, तर बटण न्यूट्रलमध्यें आहे असें समजून तारतंत्र्यास बोलवावें. फेज व जमीन यांमध्यें दिवा लावून अर्थिंग पाहण्याची जी रीत कांहीं लोक करतात, ती आपण करूं नये. जमिनीची तार वाटेंत तुटलेली असेल तर त्या दिव्यावाटे फेज घरांतील सर्व यंत्रांच्या पत्र्यांवर पसरते. तें काम ज्याचें त्यानें करावें.

नवें काम करवून घेतांना तारेची जाडी घरधन्यास माहीत असावी, म्हणजे फसवणूक होत नाहीं. दिव्यांकरितां तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची, साध्या प्लगाकरितां २.५ ची, व १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगावर जड यंत्र असल्यास ४ ची तार घालण्याची चाल आहे. दिवे, पंखे व लहान प्लग मिळून १० ठिकाणें किंवा ८०० वॅट यांहून अधिक भार एका शाखेवर नसावा.

जमिनीची तार आणि वैशाख

घरोघरीं अर्थिंग आहे काय असें विचारलें तर ‘आहे’ असें उत्तर येतें. तें कोठें आहे हें मात्र दाखवितां येत नाहीं. पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं पाण्याच्या लोखंडी नळास तार गुंडाळीत. आतां नळ प्लास्टिकचे झाले आहेत, व त्यांना जोडलेली तार जमिनीपर्यंत पोंचतच नाहीं. नवें अर्थिंग करावयाचें तर घराच्या भिंतीपासून निदान १.५ मीटर दूर खड्डा घेऊन, जस्ताचा मुलामा दिलेली सुमारें २.५ मीटर लांबीची लोखंडी नळी उभी पुरतात, भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर देतात, आणि पाणी ओतण्यास वर नरसाळें ठेवतात. तेथून मेन बोर्डापर्यंत व बोर्डावरून प्रत्येक प्लगापर्यंत हिरवी तार अखंड यावी. तिच्या वाटेंत बटण किंवा फ्यूज कदापि नसावा.

आतां आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. ओली जमीन वीज चांगली घेते, व कोरडी जमीन घेत नाहीं. श्रावणांत आपल्या धानाच्या मुलखांत वीतभर खणलें तरी ओल लागते, आणि अर्थिंग उत्तम चालतें. वैशाखांत तीच जमीन भेगाळते व नळीभोंवतींची माती तिला सोडते. परंतु पाण्यानें भरलेला पत्र्याचा कूलर आपण त्याच वैशाखांत चालवितों, व तोही ओल्या फरशीवर, अनवाणी. म्हणजे ज्या महिन्यांत तिसऱ्या तारेची गरज सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत ती सर्वांत दुबळी असते. विदर्भांत उन्हाळ्यांत कूलरच्या धक्क्यानें माणसें दगावतात, त्याचें हें एक मोठें कारण आहे. उन्हाळ्याचे तोंडावर महावितरण कंपनीही कूलरविषयीं सावधगिरीच्या सूचना प्रसिद्ध करीत असते.

यावरील उपाय फुकटाचा आहे. होळीपासून मृग निघेपर्यंत आठवड्यांतून दोन वेळां अर्थिंगच्या नरसाळ्यांत बादलीभर पाणी ओतावें. ज्या घरीं तुळशीस रोज पाणी घातलें जातें, तेथें ही आठवण ठेवणें कठीण नाहीं. कूलरमध्यें पाणी भरतांना मात्र बटण बंद करून खुंटी प्लगांतून बाहेर काढावी, व मगच पत्र्यास हात लावावा.

जमाखर्च तपासणारें यंत्र

येथें कोणी विचारील, कीं मेन बोर्डांत एम.सी.बी. बसविली आहे, धोका झाला तर ती आपोआप पडेल, मग भीति कसली ? हा समज फार पसरला आहे व तो चुकीचा आहे. एम.सी.बी. तारांना जळण्यापासून राखते, माणसाला नव्हे. १६ अँपिअरची एम.सी.बी. १६ अँपिअरहून अधिक प्रवाह गेल्याशिवाय हलत नाहीं. माणसाचें हृदय बंद पडण्यास अँपिअरचा विसावा किंवा दहावा हिस्सा पुरतो. तेवढा प्रवाह तिच्या खिजगणतींतही येत नाहीं.

कोरड्या जमिनीचा हिशेब करून पाहूं. अर्थिंगचा अडथळा २० ओहम झाला असेल आणि फेज पत्र्यास लागली, तर २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर प्रवाह जमिनींत जाईल. १६ अँपिअरची एम.सी.बी. पडणार नाहीं, व पत्रा जिवंतच राहील. अर्थिंग असूनही माणूस मरतो, तो असा.

यासाठीं आर.सी.सी.बी. नांवाचें निराळें साधन मिळतें. त्याचें काम आम्हां कारकुनांच्या कामासारखेंच आहे. फेजवाटे किती प्रवाह गेला व न्यूट्रलवाटे किती परत आला, याचा ताळा तें अहोरात्र पाहत असतें. जावक-आवक जुळली तर ठीक. ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या हजार भागांपैकीं अवघे ३० भाग इतकी तूट आली, तर ती तूट कोणाच्या तरी अंगावाटे जमिनींत जात आहे असें धरून, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आंत तें सर्व घराची वीज तोडतें. आमच्या घरीं तें असतें, तर आमच्या कुटुंबास झटका बसला असता खरा, पण क्षणांत वीज तुटली असती.

घराकरितां ३० मिलिअँपिअरचेंच साधन मागावें. १०० किंवा ३०० चें माणसाच्या उपयोगी नाहीं. त्यावर ‘टी’ अक्षराचें लहान बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबावें व वीज तुटते काय तें पाहावें. न तुटल्यास साधन बिघडलें असें समजावें. हें साधन वारंवार पडूं लागलें म्हणून काढून टाकणें ही मात्र आत्मघातकी गोष्ट आहे. तें कोठें तरी गळती आहे असें सांगत असतें. त्याचीही मर्यादा जाणून असावी. कोणी एकाच वेळीं फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा धरल्या, तर जावक-आवक जुळते व तें गप्प राहतें. आणि भार वाढला तर तारा राखण्याचें काम त्याचें नव्हे, त्यासाठीं एम.सी.बी. शेजारीं हवीच.

मातीचीं घरें व जनावरांचा कोठा

कवेलूच्या घरांत पावसाळ्यांत कोठें ना कोठें गळतेंच. बोर्ड बाहेरच्या, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर न बसवितां आंतील कोरड्या भिंतीवर बसवावा. मातीच्या भिंतींत गुट्टी टिकत नाहीं, बोर्ड लोंबकळूं लागतो व तारा ओढल्या जातात; त्यापेक्षां तो घराच्या सागवानी खांबास घट्ट बसवावा. तारा उघड्या मातींत पुरूं नयेत; प्लास्टिकच्या नळींतून किंवा पट्टींतून न्याव्या. धानाच्या कणग्यांमागें उंदीर फार, व ते आवरण कुरतडतात, म्हणून तेथून तार नेऊं नये. लहान मुलांचा हात पोंचेल अशा उंचीवर प्लग ठेवावयाचा असेल तर पडदा असलेला घ्यावा.

कोठ्यांत प्लग असूंच नये. दिवा उंचावर, शिंग न लागेल असा, व त्याचें बटण बाहेर असावें. जनावर चार पायांवर ओल्या जमिनींत उभें असतें. ज्या झटक्यानें माणूस नुसता दचकतो त्यानें म्हैस जागीं पडते.

धक्का लागल्यास

कोणास धक्का लागला तर धांवत जाऊन त्यास धरूं नये. एकाचे दोन होतात. प्रथम मेन बंद करावा. तो दूर असेल तर कोरडी लांकडी काठी घेऊन तार किंवा यंत्र त्याच्यापासून दूर करावें. लोखंडी पहार किंवा ओलें लांकूड घेऊं नये. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं, मिनिटास १०० ते १२० या गतीनें जोरानें दाब देत राहावें, व दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मातींत पुरून ठेवणें वगैरे उपायांत अमोल वेळ जातो. माणूस उठून बसला तरी त्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

लेख लांबला. आमच्या कूलरचा तो प्लग परवानाधारक माणसानें पुनः जोडला. त्यास मेन बोर्डापासून नवी हिरवी तार ओढावी लागली, व आर.सी.सी.बी. बसविली गेली. खर्च झाला, तो पहिल्यानेंच केला असता तर एका उत्तम हाताचें दुखणें टळलें असतें. वाचकांस आमची विनंती एवढीच, कीं हा अंक मिटल्यावर आपल्या आवारांत अर्थिंगचा खड्डा कोठें आहे तें आधीं शोधावें. सांपडला तर त्यांत आजच बादलीभर पाणी ओतावें. न सांपडला तर उद्यांचें पहिलें काम तेंच समजावें.